अर्धा कोयता, पूर्ण माणूस



दसरा झाला की आपल्या चर्चमधली बाके रिकामी होऊ लागतात. दिवाळीनंतर ती आणखी रिकामी होतात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला जी कुटुंबे आपल्यात असायला हवीत, त्यांतली कितीतरी त्या रात्री कोल्हापूर-सांगलीकडे, नाही तर बेळगाव-बागलकोटच्या फडात गाडी भरत असतात. बीड जिल्ह्यातल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. बालाघाटाच्या डोंगररांगेतली मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस आणि हातात कोयता, हे आपले जुने गणित आहे. पण जुने झाले म्हणून ते बरोबर आहे असे होत नाही, म्हणून या वेळच्या अभ्यासलेखासाठी मी कामगारांचे हक्क हा विषय घेतला आहे.

मागच्या हंगामाहून परतलेले एक जोडपे मला भेटायला आले होते. नवऱ्याने पिशवीतून शाळेची एक वही काढली. तिच्यात टनांचे आकडे, तारखा आणि मुकादमाकडून घेतलेल्या पैशांच्या नोंदी होत्या. तो म्हणाला, "फादर, पाच महिने दोघं राबलो. शेवटी आम्हीच देणेकरी कसे निघालो, एवढं बघून सांगा." मी वही उलटीसुलटी पाहिली, त्यांना चहा दिला आणि काहीतरी धीराचे बोलून वाटेला लावले. उत्तर मात्र दिले नाही. तो प्रश्न मनात राहिला. आज त्याचे उत्तर शोधू.

आधी हिशोब मांडू. धर्मशिक्षणाच्या लेखात बेरीज-वजाबाकी कशाला, असे कोणाला वाटेल. पण न्यायाची गोष्ट आकड्यांना बगल देऊन करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात तडजोड होऊन ३४ टक्के वाढ ठरली. टनामागे सुमारे २७३ रुपयांचा दर ३६६ झाला. मुकादमाच्या कमिशनातही १ टक्का वाढ झाली. गाडीच्या प्रकाराप्रमाणे दरात फरक असतो, तो तूर्त बाजूला ठेवू. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे, आणि एक कोयता दिवसाला साधारण दीड ते दोन टन ऊस तोडतो. आपण पावणेदोन धरू. पाच महिन्यांत प्रत्यक्ष तोडणीचे दिवस १२० मिळाले असे समजू. टन झाले २१०. मजुरी झाली ७६,८६० रुपये. म्हणजे दिवसाला दोघांचे मिळून साधारण ६४०, माणशी ३२०. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा २०२५-२६ सालचा दर माणशी ३१२ रुपये होता. पहाटे अंधारात फडात उतरून रात्री गाडी भरेपर्यंतच्या कामाची किंमत गावात राहून केलेल्या मातीकामापेक्षा आठ रुपयांनी जास्त!

आता दुसरी बाजू. जाताना उचल घेतली समजा एक लाख. आठवड्याला हजार रुपये खर्ची घेतली, वीस आठवड्यांचे वीस हजार. बाई दहा दिवस तापाने पडून राहिली, दिवसाला पाचशेप्रमाणे खाडा लागला पाच हजार. एक लाख पंचवीस हजारांतून ७६,८६० गेले. बाकी निघाली ४८,१४०. ही बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. हे आकडे उदाहरणाचे आहेत, त्या वहीतले नव्हेत. पण वहीचा आकार असाच होता.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उचल हे खरोखर घेतलेले पैसे असतात. त्यांतून लग्ने होतात, दवाखाना होतो, घरावर पत्रे पडतात. उचल घेऊन दुसऱ्या टोळीत पळून जाणे हीही फसवणूकच आहे. त्यात बुडालेले मुकादम मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही आपल्याच बाकांवर बसतात. तेव्हा मुकादमाने पैसे परत मागितले हा अन्याय नव्हे. अन्याय शोधायचा तो दुसरीकडे. पाऊस पडला, तोडणी बंद, तोटा मजुराचा. कारखान्यात बिघाड झाला, गाडी खाली होत नाही, तोटा मजुराचा. ट्रॅक्टर रात्री दोन वाजता आला, तोपर्यंत जागून काढलेले तास कोणाच्याच हिशोबात नाहीत. धंद्यातली सगळी जोखीम, ज्याला ती सर्वांत कमी पेलवते त्याच्या डोक्यावर जाऊन बसते आणि वर आजारपणाला दंड आहे. त्या माणसाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे.

"पण त्यांनी ते मान्य केले होते ना? अंगठा दिला, पैसे मोजून घेतले. मग तक्रार कसली?" हा युक्तिवाद मी शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकला आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आम्हांला होते. वादळात सापडलेला नावाडी जीव वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. हे त्याने स्वखुशीने केले की नाइलाजाने? हात त्याचेच, निर्णयही त्याचाच. पण धड डोक्याचा कोणी माणूस वादळ नसताना आपला माल पाण्यात टाकत नाही. परीक्षेत मी या प्रश्नाला चांगले गुण मिळवले होते. तो प्रश्न कशासाठी आहे हे मात्र बीड जिल्ह्यात आल्यावर कळले.

परमगुरू तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. युरोपात कारखाने नवे होते आणि करार झाला म्हणजे न्याय झाला, हे मत जोरात होते. लिओ यांनी ते मान्य केले नाही. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचे पोट भरेल एवढी मजुरी हा निसर्गाचाच न्याय आहे आणि तो दोघांच्या करारापेक्षा जुना आणि वरचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीपोटी कमी मजुरीला कोणी होकार दिला, तर तो बळजबरीला सापडलेला माणूस आहे, असे त्यांनी म्हटले. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या नव्या परमगुरूंनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेही या परिपत्रकाची आठवण ठेवूनच.

आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही पुढे जवळपास तेच म्हटले. १९८२ साली दिल्लीच्या एशियाड स्पर्धांसाठी बांधकामे चालू होती. तेथल्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही, म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवती यांच्या निकालाचा आशय असा की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या कलम २३ खालील वेठबिगारी आहे. कारण सक्ती फक्त काठीचीच नसते, भुकेचीही असते. भुकेल्या माणसाची सही म्हणजे त्याची मोकळी संमती नव्हे, ही गोष्ट तिघांनाही, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञाला, रोमच्या पोपना आणि भारताच्या न्यायमूर्तींना, वेगवेगळ्या वाटांनी दिसली.

आता पवित्र शास्त्राकडे येऊ. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण दर तीन वर्षांनी रविवारी ऐकतो आणि देवाच्या औदार्यावर प्रवचनही ऐकतो. ते योग्यच आहे. पण त्यातले बारकावे मजुराच्या नजरेने एकदा वाचून पाहा. मळ्याचा धनी दिवसातून पाच वेळा स्वतः नाक्यावर जातो. संध्याकाळपर्यंत उभे राहिलेले लोक आळशी नसतात, त्यांना कोणी कामच दिलेले नसते. एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. पैसे सूर्य मावळताना दिले जातात, कारण मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद, अध्याय २४) गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी देण्याची आज्ञा आहे. आणि गंमत पाहा, या दाखल्यात एक कारभारीही आहे. पैसे त्याच्या हातून वाटले जातात, म्हणजे आपल्या भाषेत मुकादमच म्हणा. पण कोणाला किती द्यायचे ते धनी ठरवतो. कुरकूर झाली तेव्हा उत्तरही धनीच देतो. "माझा काही संबंध नाही, कारभाऱ्याला विचारा," असे तो म्हणत नाही.

आपल्याकडे नेमके हेच म्हटले जाते. मजुराने कारखान्याला विचारावे, तर कारखाना म्हणतो, आमचा करार तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी आहे. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, वरून आले की देतो. शेतकऱ्याला विचारावे, तर तोडणी-वाहतुकीचा खर्च त्याच्या उसाच्या बिलातून आधीच कापून गेलेला असतो. एक ऊस तोडायला चौघे जण गुंतलेले, पण मालक कोणीच नाही! संत जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' या परिपत्रकात या कोड्याची नीट फोड केली आहे. एक असतो प्रत्यक्ष मालक, ज्याच्याशी मजुराचा करार होतो. दुसरा असतो अप्रत्यक्ष मालक. त्यात कामाच्या अटी ठरवणारी सगळी व्यवस्था येते, शासनही येते आणि मोठे उद्योगही येतात. दुसऱ्यावरची जबाबदारी खरी असते, कागदावर त्याचे नाव नसले तरी. त्यांनी स्वतः तरुणपणी दगडाच्या खाणीत मजुरी केली होती, हे लक्षात ठेवून ते पत्र वाचावे.

शेतकऱ्यासाठी कायद्याने काय केले तेही पाहा. उसाला रास्त आणि किफायतशीर दर ठरतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे पैसे १४ दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. तरी शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागतात, हे खरे. पण भांडायला हातात कागद आहे. त्याच उसाला ज्याचा कोयता लागतो त्याच्या हातात वजनाची पावतीसुद्धा नसते. काट्यावर किती भरले ते गाडीवाल्याला कळते, कारखान्याला कळते. तोडणाऱ्याला दुसरा कोणी सांगेल तेव्हा.

आणि तोडणारीला तर तेही नाही. 'कोयता' या शब्दातच हा अन्याय लपलेला आहे. जोडपे म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते. त्याआधी पहाटे भाकरी थापते आणि रात्री कोपीवर आल्यावर पुन्हा चूल पेटवते. हिशोब मात्र नवऱ्याच्या नावाने होतो. समान कामाला समान मोबदल्याचा कायदा १९७६ सालचा आहे, पण ज्या यादीत बाईचे नावच नाही तिथे समानता मोजणार कशी?

यापुढचे लिहिताना मला संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. २०१९ साली आपल्या जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी बातम्या आल्या, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातले प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. वयोगट तंतोतंत जुळत नसतील, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. प्रत्येक शस्त्रक्रिया चुकीची होती असे नाही. काहींना खरोखर गरज होती. पण फडात आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरच्या दुखण्यासाठी सुटी घेतली तर खाडा, बाळंतपणानंतर विश्रांती नाही. अशा वेळी कोणी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो आणि बाई म्हणते, एकदाचे काढून टाका. तिशीच्या आतल्या मुलीही त्यात आहेत. याही होकाराला ॲरिस्टॉटलच्या नावाड्याचा होकार म्हणायचे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

कामाच्या जागी सुरक्षितता हा नव्या काळाचा विषय आहे असे वाटते ना? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधी आज्ञा आहे: नवीन घर बांधशील तेव्हा छताला कठडा कर, कोणी पडून मेला तर त्याचा दोष तुझ्या घराला लागेल. म्हणजे अपघात हे नशीब नव्हे. जो घर बांधतो तोच कठड्याचाही धनी. आपल्याकडे कठडा म्हणजे ट्रॉलीला धड शिडी, रात्री भरताना उजेड, गाडीच्या मागे रिफ्लेक्टर, सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्याचा माहीत असलेला रस्ता, कालव्याकाठच्या कोप्यांतली मुले दिवसा सांभाळण्याची सोय. यांतले काहीही फार खर्चाचे नाही. रूथच्या पुस्तकात बवाज आपल्या शेतातल्या गड्यांना बजावतो की, या परक्या बाईला हात लावायचा नाही, आणि तिला सांगतो, तहान लागली तर गड्यांनी भरलेल्या पाण्यातून पी. कामावरच्या बाईची अब्रू आणि पिण्याचे पाणी, तीन हजार वर्षांपूर्वीचा तो शेतमालक एवढे करू शकत होता.

मजूर आज या फडात, उद्या त्या फडात, मग त्याला भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी द्यायची कोणी, असा प्रश्न विचारतात. याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ मध्येच दिले आहे. माथाडी कामगार रोज वेगवेगळ्या व्यापाऱ्यांची पोती उचलत. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. मजुरांची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्यांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळ त्यातून मजुरी, निधी, दवाखाना, ग्रॅच्युइटी पाहणार. त्या कायद्याचे पुढे काय काय झाले हा वेगळा विषय आहे. पण एकच कायमचा मालक नसतानाही हक्क देता येतात, हे सिद्ध झाले. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ २०१९ साली जाहीर झाले. टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून, अशी निधीची योजना नंतर ठरली. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत संत भगवानबाबांच्या नावाने ८२ वसतिगृहांची योजना झाली. मुले मागे राहून शिकली तर पुढच्या पिढीचा कोयता सुटेल, म्हणून मला यातले वसतिगृहाचे काम सर्वांत मोलाचे वाटते. किमान वेतन, समान मोबदला, ठेका मजूर यांचे जुने कायदे आता नव्या कामगार संहितांत गेले असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा मात्र वेगळा आहे. उचलीसाठी माणसाला किंवा त्याच्या बायकामुलांना डांबून ठेवणे हा गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. हे मुकादमांनीही वाचावे.

एक आणखी. १९७१ च्या रोममधील धर्मसभेने बजावले आहे की, न्यायाविषयी बोलणाऱ्या ख्रिस्तसभेने आधी स्वतःच्या घरात न्याय दाखवला पाहिजे. हे वाचल्यावर मी धर्मग्रामाची हिशोबवही काढली. आपल्या स्वयंपाकीणबाईंना आठवड्याची सुटी नव्हती. पगार तीन वर्षांत वाढलेला नव्हता. त्यांनी कधी मागितला नाही आणि मी कधी विचारले नाही. म्हणजे मीही त्यांच्या गप्प राहण्याला होकार समजून चाललो होतो. पगार वाढवला आहे, रविवार दुपारनंतर आणि सोमवार सुटी ठरली आहे. सोमवारी मी स्वतः पिठले करतो, ते कसे होते ते सिस्टर्सना विचारा. ज्यांच्याकडे घरकामाला बाई येते, ज्यांचे बांधकाम चालू आहे, ज्यांचा ट्रॅक्टर कारखान्याला लागतो, त्यांनी आपापली वही काढून पाहावी.

जाणाऱ्या कुटुंबांसाठी: पुढच्या रविवारी मिस्सानंतर हॉलमध्ये थांबावे. नवरा-बायको दोघांनीही यावे, फक्त पुरुषांनी नव्हे. आधारकार्ड, शिधापत्रिका आणि बँकेचे पासबुक आणावे. ज्यांची ई-श्रम नोंदणी झालेली नाही त्यांची युवकमंडळ करून देईल. बायकांची नोंदणी स्वतंत्र होईल. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे अर्ज भरून घेऊ. वर्षाला २० रुपये खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाने भरावा. शिधापत्रिकेवरचे धान्य कारखान्याच्या गावातल्या दुकानातही मिळते, त्यासाठी आधार जोडलेले आहे ना ते पाहू. ग्रामपंचायतीत स्थलांतराची नोंद करून ओळखपत्र मागावे.

प्रत्येक कोयत्याला एक वही आणि पेन देणार आहोत. तिच्यात पाच रकाने आखलेले आहेत: तारीख, गाडी नंबर, टन, घेतलेली खर्ची आणि खाडा. वजनाची पावती गाडीवाल्याकडून मागून मोबाइलवर तिचा फोटो काढावा. पहिल्या पानावर उचलीची रक्कम आणि साक्षीदाराचे नाव लिहायचे आहे, आणि वरच्या ओळीत दोन नावांसाठी जागा आहे. वही परत आल्यावर आपण एकत्र बसून ती वाचू. मला तेव्हा चहा देऊन सुटका करून घेता येणार नाही.

आपला,
धर्मग्रामगुरू